ब्रिटनमध्ये आलात आणि समोरच्याचं इंग्रजीच कळत नाहीये? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मास्टर्सला आलेली मुलं, हॉस्पिटलात लागलेल्या नर्स, आयटीवाले, नातवंडं सांभाळायला आलेले आईबाबा, सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतेय. हे फक्त ब्रिटनपुरतं आहे, अमेरिका-ऑस्ट्रेलियाची कथा वेगळी.

शाळेपासून इंग्लिश मीडियम, आयईएलटीएसला साडेसात बँड, तरी लिव्हरपूलच्या टॅक्सीवाल्याचं एक वाक्य कळलं नाही. माझं इंग्रजी इतकं कच्चं आहे का?

अजिबात नाही, आणि हे मनातून आधी काढून टाका. आपण जे शिकलो ते पुस्तकातलं इंग्रजी, त्यात बातम्या वाचणाऱ्यांचा एक सरळ, सावकाश उच्चार कानावर पडलेला. टॅक्सीवाला जे बोलतो ती त्याच्या गावची बोली आहे, तिला स्वतःचे नियम आहेत, स्वतःचे शब्द आहेत आणि ती तो आजीच्या मांडीवर शिकलाय. पुण्यात वाढलेला माणूस पहिल्यांदा मालवणात किंवा खानदेशात गेला की अहिराणी-मालवणी ऐकून गडबडतोच ना, म्हणून काय त्याचं मराठी कच्चं ठरत नाही. लंडनचा माणूससुद्धा ग्लासगोत पहिले दोन दिवस 'सॉरी?' 'सॉरी?' करत फिरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कानाला सवय नाहीये एवढंच, आणि सवय लागते.

सगळे येताजाता 'यू ऑलराइट?' विचारतात. मी आजारी दिसते का?

नाही हो, तो नमस्कार आहे. त्याला उत्तर 'ऑलराइट?' किंवा 'येस थँक्स, यू?' एवढंच, आणि तेही चालता चालता. थांबून आपली झोप, पाठदुखी, व्हिसाचं टेन्शन सांगायला लागलात तर समोरचा चांगुलपणाने ऐकून घेईल पण गोंधळेल. यॉर्कशर आणि मिडल्सबरोकडे हाच नमस्कार 'नाऊ देन' असा येतो, डर्बी-नॉटिंगहॅमकडे 'एय अप', बेलफास्टला 'व्हॉट अबाउट ये'. बेलफास्टला किंवा न्यूकॅसलला कुणी 'व्हॉट्स द क्रॅक' विचारलं तर घाबरू नका, ड्रग्जशी काही संबंध नाही, 'काय चाललंय' एवढाच अर्थ.

'ब्रिटिश ॲक्सेंट' म्हणजे नक्की कुठला?

असा एक नाहीच. आपल्या डोक्यात जो असतो तो राजघराण्याचा, जुन्या बीबीसीचा, त्याला आरपी म्हणतात, आणि तो पहिल्यापासून थोड्याच लोकांचा होता, बोर्डिंग शाळांमधून आलेल्या वरच्या वर्गाचा. बीबीसी १९२२ ला सुरू झाली आणि तिने तोच उच्चार उचलला म्हणून जगभर वाटायला लागलं की इंग्रज असंच बोलतात. १९४१ मध्ये, युद्ध चालू असताना, विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशरच्या माणसाला बीबीसीने राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तो शेवटी उत्तरेतल्या लोकांना 'गुड नीट' म्हणायचा, तर केवढा गहजब झाला. आज बातम्यांत स्कॉटिश, वेल्श, उत्तरेचे सगळे आवाज ऐकू येतात.

आणि विविधता किती, तर लीड्स युनिव्हर्सिटीच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ या काळात बोलीभाषांचा मोठा सर्व्हे केला, ३१३ गावांमध्ये जाऊन म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तेराशेहून जास्त प्रश्न विचारले, साध्या साध्या वस्तूंना तुम्ही काय म्हणता म्हणून. गावागणिक वेगळी उत्तरं आली. ते शब्द आता बरेच मागे पडलेत पण उच्चार अजून टिकून आहेत, तीस-चाळीस मैलांवर फरक ऐकू येतो.

इथे लीड्समध्ये सगळे 'बस'ला 'बुस' म्हणतात आणि 'कप'ला 'कुप'. हे चुकीचं नाही का?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. चुकीचं तर नाहीच, उलट जुनं आहे. पूर्वी सगळ्या इंग्लंडमध्ये 'कप', 'लव्ह', 'मनी' या शब्दांत 'पुट' सारखाच उ होता. साधारण सतराव्या शतकात दक्षिणेत तो बदलून अ-सारखा झाला, उत्तरेत बदललाच नाही. म्हणजे बदल केला लंडनने आणि गावंढळ ठरले लीड्स-मँचेस्टरवाले! 'बाथ', 'ग्रास', 'लास्ट'चंही तेच, दक्षिणेतला लांब आ नंतर आलाय, उत्तरेत अजून 'बॅथ', 'ग्रॅस', 'लॅस्ट' म्हणतात.

'र'चीही गंमत बघा. आज इंग्लंडच्या बहुतेक भागात 'कार', 'फार्म' मधला र बोलतच नाहीत, पण शेक्सपिअरच्या काळी तो बोलला जायचा. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि नैऋत्येकडच्या खेड्यांत तो अजून खणखणीत ऐकू येतो. त्यामुळे आपण र स्पष्ट उच्चारतो याची लाज वाटून घ्यायचं काहीच कारण नाही.

कान लावायचा असेल तर हे दोन-तीन फरक आधी पक्के करा, उत्तरेचा उ, उत्तरेचा आखूड ॲ, आणि यॉर्कशरमध्ये 'द' जवळपास गिळून टाकतात ते, 'डाऊन द पब'चं 'डाऊन ट्पब' होतं. एवढं कळलं की अर्धं धुकं जातं.

बसचा ड्रायव्हर मला 'लव्ह' म्हणाला. दुकानातली बाई 'डक' म्हणाली. हे काय आहे?

आपल्याकडे दुकानदार 'ताई', 'मावशी', 'दादा' म्हणतो त्याच जागेवर हे शब्द येतात, नातं नाही, आपुलकी आहे. उत्तर इंग्लंडभर 'लव्ह', आणि यॉर्कशरमध्ये एक पुरुष दुसऱ्या पुरुषालाही 'लव्ह' म्हणतो, तिथे कुणाला काही वाटत नाही. डर्बी, नॉटिंगहॅम, स्टोककडे 'डक' किंवा 'मी डक'. न्यूकॅसलला 'पेट', बर्मिंगहॅमला 'बॅब', ग्लासगोत बाईला 'हेन', ब्रिस्टलला तर 'माय लव्हर', हे ऐकून नवीन माणूस हादरतोच पण तेही तितकंच साधं आहे. साउथ वेल्सच्या खोऱ्यांत मित्राला 'बट' म्हणतात. मँचेस्टरला 'अवर किड' म्हणजे माझा भाऊ किंवा बहीण, मग तो भाऊ पन्नाशीचा का असेना.

फरक कळतो कसा? जो सगळ्यांना तेच म्हणतो, आजीबाईंना, कॉलेजच्या पोराला, तुम्हाला, त्याचं काही मनात नसतं. जो फक्त तुम्हालाच म्हणतो आणि अंगचटीला येतो, तिथे शब्द कुठलाही असो तुम्हाला अस्वस्थ वाटणं बरोबर आहे आणि तसं सांगायचा हक्क आहे. स्वतः मात्र हे शब्द लगेच वापरायला जाऊ नका. 'मेट' त्यातल्या त्यात सेफ, तोही बरोबरीच्या माणसाशी.

शेजारणीने 'टी'ला बोलावलंय. बिस्किटं न्यायची का?

आधी तुम्ही कुठे राहता ते बघा. उत्तरेत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, पाच-सहाला, चांगलं पोटभर, आणि 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण. मुलांच्या शाळेतल्या 'डिनर लेडी' दुपारी वाढतात त्या त्यामुळेच. दक्षिणेत आणि जरा उच्चभ्रू घरांत 'डिनर' संध्याकाळी. म्हणजे ब्रॅडफर्डच्या शेजारणीने 'कम राउंड फॉर युअर टी' म्हटलं तर घरून जेवून जाऊ नका, आणि शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, ती आनंदाने करेल, ऐनवेळी कळलं तर बिचारीची धावपळ होते.

पावाला नक्की म्हणायचं काय?

गोल पाव, आपल्या वडापावच्या पावासारखा. मँचेस्टरला 'बार्म', नॉटिंगहॅमला 'कॉब', शेफील्डला 'ब्रेडकेक', कव्हेंट्रीला 'बॅच', न्यूकॅसलला जो मोठा चपटा मिळतो तो 'स्टॉटी', वेस्ट यॉर्कशरच्या काही गावांत साध्या पावालाच 'टीकेक', ॲबर्डीनला खारट थर सुटलेला 'बटरी'. लोक यावरून तासन्‌तास भांडतात. तुम्ही 'रोल' म्हणा, सगळीकडे चालतं. दोन घरांमधल्या बोळाचीही अशीच नावं, 'गिनल', 'स्निकेट', मिडलंड्सकडे 'जिटी', ससेक्सला 'ट्विटन', हलला 'टेनफूट'. डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांनी आपल्या भागातलं तरी पाठ करावं, पत्ता सांगताना हेच येतं.

लिव्हरपूलवाले घसा खरवडल्यासारखं का बोलतात?

कारण शब्दाच्या मधला किंवा शेवटचा 'क' ते पूर्ण अडवत नाहीत, हवा जाऊ देतात, 'बॅक'चं 'बॅख' होतं, 'चिकन'चं 'चिखन', उर्दूतला 'ख' ऐकलेल्यांना ओळखीचा वाटेल. आजूबाजूच्या लँकशरपेक्षा ही बोली एवढी वेगळी झाली त्यात आयर्लंडचा मोठा हात आहे. १८४५ नंतर तिथे बटाट्याचं पीक कुजून भयानक दुष्काळ पडला, माणसं जहाजं भरभरून लिव्हरपूलला उतरली, १८५१ च्या जनगणनेत शहरातला पाचातला एक जण आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. अनेकवचनी 'यूज', म्हणजे 'तुम्ही सगळे', तिकडूनच आला. आपल्याला तू-तुम्हीची सवय असल्याने हा शब्द फार सोयीचा वाटतो, पुस्तकी इंग्रजीत ती सोयच नाही.

लिव्हरपूलच्या बोलीला 'स्काउस' म्हणतात, ते नाव खलाशांच्या 'लॉबस्काउस' नावाच्या मटण-बटाट्याच्या रश्श्यावरून पडलं. रोज लागणारे शब्द म्हणजे 'बॉस' आणि 'साउंड' म्हणजे मस्त, 'मेड अप' म्हणजे खूप खूश, 'जार्ग' म्हणजे बनावट, 'स्क्रॅन' म्हणजे खाणं, 'ऑझी' म्हणजे हॉस्पिटल, 'टारा' म्हणजे येतो आता.

न्यूकॅसलला ॲडमिशन मिळालीय. तिथली जॉर्डी बोली खरंच सगळ्यात अवघड आहे का?

पहिले दोन आठवडे हो, नंतर एवढी गोड लागते की सुटीत घरी गेलात तरी कानात राहते. 'टाउन'ला 'टून' म्हणतात, फुटबॉल क्लबलाही लाडाने 'द टून' म्हणतात. 'हाववे' म्हणजे चल रे, 'कॅनी' म्हणजे चांगलं, 'वाय आय' म्हणजे हो तर, 'गॅन' म्हणजे जाणं, 'बेर्न' म्हणजे लेकरू, 'हेम' म्हणजे घर, आणि हा शेवटचा नॉर्वे-डेन्मार्कच्या शब्दाचा जवळचा भाऊ आहे. 'गिव्ह अस अ लुक' मध्ये 'अस' म्हणजे एकटा मीच, आम्ही नाही. आणि एक काळजी घ्या, शेजारच्या संडरलंडच्या माणसाला चुकूनही जॉर्डी म्हणू नका, ते 'मॅकम', आणि त्यांना ते मनापासून लागतं.

ग्लासगोत नोकरी लागलीय आणि मीटिंगमध्ये काही कळत नाहीये. काय करू?

इथे जरा सविस्तर सांगते कारण स्कॉटलंडमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, एक स्कॉटिश उच्चारातलं इंग्रजी आणि दुसरी स्कॉट्स, जिला बरेच जण स्वतंत्र भाषा मानतात. एकाच वाक्यात माणूस इकडून तिकडे जातो. मीटिंगमध्ये बहुतेक पहिलीच असते, कॅन्टीनमध्ये दुसरी डोकावते.

आधी चांगली बातमी, र स्पष्ट असतो, त्यामुळे शब्द पकडायला आपल्याला खरं म्हणजे सोपं जायला हवं. अडतं ते स्वरांवर, 'हाउस'चं 'हूस', 'आउट'चं 'ऊट', आणि 'नॉट'चं शेपूट 'ने' होऊन चिकटतं, 'कान्ट'चं 'कॅने', 'डिडन्ट'चं 'डिडने'. मधला 'ट' तर घशातच थांबतो, 'वॉटर'मध्ये ट ऐकूच येत नाही. 'आय' म्हणजे हो. 'वी' म्हणजे छोटं, पण प्रत्येक गोष्टीला लावतात, वस्तू हत्तीएवढी असली तरी. ग्लासगोत मूल म्हणजे 'वेन', एडिंबराकडे 'बेर्न', आणि पूर्वेकडे 'केन' म्हणजे माहीत असणं. 'ड्रीख' म्हणजे भुरभुर पाऊस, कुंद आभाळ, गारठा सगळं एकत्र, हा शब्द नोव्हेंबरमध्ये रोज लागेल. 'बॉल्टिक' म्हणजे मरणाची थंडी. 'स्कनर्ड' म्हणजे वैतागलेला.

आता जे शब्द ओळखीचे वाटतात पण अर्थ वेगळा असतो ते जास्त धोक्याचे. 'मेसेजेस' आणायला जातो म्हणजे वाणसामान आणायला जातो. 'पीस' म्हणजे सँडविच. 'ज्यूस' म्हणजे बहुतेक वेळा कोल्ड्रिंक. 'द बॅक ऑफ सेव्हन' म्हणजे सात वाजून गेल्यावर थोड्या वेळाने. 'आउटविथ' हा शब्द तर ऑफिसच्या पत्रांत, करारांत येतो, म्हणजे 'च्या बाहेर', तो टायपो नाही, दुरुस्त करू नका. जुनी माणसं 'आय डाउट इट विल रेन' म्हणतात तेव्हा पाऊस येणार बहुतेक, असा उलटा अर्थ असतो. 'आय, राइट' असं दोनदा हो म्हटल्यासारखं वाटलं तरी अर्थ 'काहीतरीच काय', स्वर ऐकून ओळखायचं.

आणि 'व्हेअर डू यू स्टे?' असं विचारलं तर आपल्यासारखंच, कुठे राहता. इंग्लंडमध्ये आपल्या 'स्टे'ला लोक हसतात, 'लिव्ह' म्हणा म्हणतात, ग्लासगोत तो अगदी बरोबर आहे.

मीटिंगसाठी उपाय असा की पहिले काही आठवडे मीटिंग संपल्यावर 'मी असं समजले, बरोबर ना' म्हणून दोन ओळींचा ईमेल टाका. लोकांना आवडतं, कामही नीट होतं.

लंडनमध्ये कॉकनी अजून बोलतात का?

सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटा ऐकू येतील एवढ्या अंतरात जन्मला तो खरा कॉकनी, अशी जुनी व्याख्या. ती मंडळी बरीचशी एसेक्स-केंटकडे गेली आणि बोलीही त्यांच्याबरोबर गेली. यमकाची स्लँग मात्र देशभर पसरलीय. पद्धत अशी की शब्दाशी यमक जुळणारी जोडी घ्यायची आणि यमकाचा भागच गाळायचा, म्हणजे बाहेरच्याला कळता कामा नये. 'लुक'शी जुळतो 'बुचर्स हुक', म्हणून 'हॅव अ बुचर्स' म्हणजे बघ जरा. 'हेड'ला 'लोफ ऑफ ब्रेड', म्हणून 'यूज युअर लोफ' म्हणजे डोकं चालव. 'लाइज'ला 'पोर्क पाइज', म्हणून 'पोर्कीज' म्हणजे थापा. 'करी'ला रुबी मरे या १९५० च्या दशकातल्या गायिकेचं नाव, म्हणून शुक्रवारी ऑफिसातलं कोणी 'रुबी'ला चल म्हणालं तर इंडियन रेस्टॉरंटला जायचंय.

तरुण पोरांचं लंडन मात्र आता वेगळं बोलतं. १९४८ ला एम्पायर विंडरश जहाज आलं, त्यानंतर कॅरिबियनमधून आलेल्या कुटुंबांची भाषा, त्यात बंगाली, पंजाबी, आफ्रिकन शेजाऱ्यांची पोरं, या सगळ्यातून शाळांच्या आवारात एक नवीनच बोली तयार झाली. 'ब्रव्ह', 'फॅम' म्हणजे भावा, 'बेअर' म्हणजे खूप, 'पेंग' म्हणजे भारी, 'पीक' म्हणजे वाईट झालं रे, 'एंड्स' म्हणजे आपला एरिया, 'वागवान' म्हणजे काय चाललंय. 'इनिट' तर आपल्या 'ना'सारखं कुठल्याही वाक्यामागे लागतं. हिला बिघडलेलं इंग्रजी म्हणणारे पुष्कळ भेटतील, मला ते पटत नाही, पोरांनी सगळ्यांच्या घरातलं थोडं थोडं घेऊन स्वतःची भाषा केलीय.

बर्मिंगहॅम, वेल्स, ब्रिस्टल?

बर्मिंगहॅमला 'आयलंड' म्हणजे राउंडअबाउट, ड्रायव्हिंग शिकताना लक्षात ठेवा. शेजारच्या ब्लॅक कंट्रीत 'बॉस्टिन' म्हणजे झकास. वेल्समध्ये 'नाऊ, इन अ मिनिट' म्हणजे करतो थोड्या वेळाने, लगेच नाही. 'टायडी' म्हणजे छान आणि 'कुच' म्हणजे मिठी. ब्रिस्टलला जुने लोक शेवटी ल जोडतात, 'आयडिया'चं 'आयडिअल' होतं, आणि बसमधून उतरताना सगळे 'चिअर्स ड्राइव्ह' म्हणतात, तुम्हीही म्हणा.

मी नर्स आहे. पेशंट काय सांगतोय तेच कळलं नाही तर?

तुमच्यासाठी हा विषय गमतीचा नाही, म्हणून नीट बघा. सगळ्यात महत्त्वाचं, ब्रिटनमध्ये 'आय हॅव बीन सिक' म्हणजे मला उलटी झाली. आपल्याकडे 'सिक' म्हणजे नुसतं आजारी. आजारी असण्याला इथे 'पुअरली' म्हणतात, यॉर्कशरला 'बॅडली'सुद्धा. 'फनी टर्न' आला म्हणजे अचानक चक्कर आली, शुद्ध हरपल्यासारखं झालं, हे हसण्यावारी न्यायचं नाही, लगेच विचारायचं कधी, किती वेळ, पडलात का. 'वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीची तक्रार, 'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जायचंय, सार्वजनिक संडासाला पूर्वी एक पेनी टाकावी लागायची त्यावरून. 'बॅक पॅसेज' म्हणजे गुदद्वार. 'बंग्ड अप' म्हणजे नाक चोंदलंय किंवा शौचाला होत नाही, कुठलं ते विचारून घ्या. 'द रन्स' म्हणजे जुलाब.

स्कॉटलंडमध्ये 'पीली-वॉली' म्हणजे फिकट पडलेला, 'बोक' म्हणजे ओकारी, 'ऑक्स्टर' म्हणजे काख. उत्तर इंग्लंडमध्ये 'निदर्ड' म्हणजे गारठलेला, आणि काही जुन्या माणसांच्या तोंडी 'स्टार्व्ड' म्हणजे थंडी वाजतेय, भूक नाही. मिडलंड्समध्ये ज्याला जरा गारव्यानेही हुडहुडी भरते तो 'नेश'. 'मार्डी' म्हणजे रुसलेला, चिडचिडा.

आणि या पिढीला दुखणं लहान करून सांगायची सवय आहे. ऐंशीचे आजोबा 'नॉट टू बॅड, लव्ह' म्हणाले म्हणजे दुखत नाही असं धरू नका, शून्य ते दहा आकडा विचारा आणि बोटाने जागा दाखवायला सांगा. शब्द कळला नाही तर 'कॅन यू शो मी व्हेअर?' हे वाक्य कुठल्याही बोलीत चालतं. अंदाजाने काही लिहू नका, सोबतच्या लोकल नर्सला विचारा, त्यात कमीपणा काहीच नाही.

पैसे आणि वेळ?

'क्विड' म्हणजे पाउंड, आणि पाच असले तरी 'फाइव्ह क्विड'च, 'क्विड्स' नाही. 'फायव्हर' पाच, 'टेनर' दहा, 'ग्रँड' हजार, लंडनच्या बाजारात 'पोनी' पंचवीस आणि 'मंकी' पाचशे. 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात, साडेसहा नाही. 'फोर्टनाइट' म्हणजे पंधरवडा. 'ट्यूजडे वीक' म्हणजे येत्या मंगळवारनंतरचा मंगळवार. यॉर्कशरला 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच, शिफ्टचा निरोप असा आला तर गोंधळू नका.

यांच्या स्लँगमध्ये आपले शब्द आहेत असं ऐकलं. खरं?

खरं, आणि एक तर थेट नाशिकजवळचा आहे. 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द आपल्या देवळालीचा. तिथे ब्रिटिश सैन्याचा ट्रान्झिट कॅम्प होता, नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे, उकाडा, आजार, दारू, कामधंदा काही नाही, त्यात माणसं भ्रमिष्टासारखी व्हायची. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणायला लागले आणि टॅप म्हणजे आपला ताप. आज मँचेस्टरची आजी नवऱ्याला डूलॅली म्हणते तेव्हा तिला देवळाली कुठे आहे याचा पत्ता नसतो, सांगितलं की खूप मजा वाटते तिला.

याशिवाय 'ब्लायटी' म्हणजे मायदेश, विलायतीवरून, 'पक्का' म्हणजे अस्सल, 'हॅव अ डेको' देखोवरून, 'चोकी' म्हणजे तुरुंग, चौकीवरून. आणि 'पॅल', म्हणजे दोस्त, हा रोमानी लोकांच्या भाषेतून आला. रोमानी लोक मूळचे भारतातून गेलेले, त्यांचा भावासाठीचा शब्द आणि आपला भाऊ एकाच मुळातले.

आपलं कुठलं इंग्रजी इथे कळत नाही?

'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन', 'डू द नीडफुल', 'गुड नेम' हे टाळा. 'आय पास्ड आउट इन २०१९' म्हणालात तर बेशुद्ध पडलात असं वाटेल, 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. भाजीबाजारात वांगं 'ओबर्जीन', ढोबळी मिरची 'पेपर', भेंडी 'ओक्रा', दही 'योगर्ट'.

मग मी माझा ॲक्सेंट बदलू का?

नको. नक्कल केलेला ॲक्सेंट कुणाला फसवत नाही आणि बोलणाऱ्याचा अर्धा जीव त्यातच जातो. स्पष्टपणा मात्र वाढवा, आणि त्यात मोठा फायदा आहे तो जोर कुठे द्यायचा यात. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या जोराने बोलतो, इंग्रजांचा कान जोरावरूनच शब्द ओळखतो. 'डिव्हेलप'मध्ये जोर मधल्या 'व्हे'वर, 'होटेल'मध्ये 'टेल'वर, 'इव्हेंट'मध्ये 'व्हेंट'वर. जोर चुकला तर बाकी उच्चार कितीही चांगला असो, समोरचा 'सॉरी?' म्हणतो. दुसरं, आपल्या एका 'व'मध्ये त्यांचे दोन आवाज कोंबलेत, 'वाइन'साठी ओठांचा चंबू करा, 'व्हाइन'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. तिसरं, वेग कमी करा. घाबरलं की आपण सगळेच सुसाट सुटतो.

सारखं 'सॉरी, पार्डन' म्हणायची लाज वाटते.

नुसतं 'सॉरी' म्हटलं की समोरचा तेच वाक्य तेवढ्याच वेगाने परत म्हणतो, किंवा नुसता मोठ्याने म्हणतो. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं सांगा, 'ट्यूजडे कळलं, वेळ कुठली म्हणालात?' असं. म्हणजे त्याला नेमकं कुठे अडलंय ते कळतं. हसून मान डोलावू नका, विशेषतः बँक, घरभाडं, औषधं यांच्या बाबतीत. फोनवर चेहरा दिसत नाही म्हणून अजून अवघड जातं, तेव्हा 'कुड यू ईमेल मी दॅट?' बिनधास्त म्हणा आणि स्वतःचं आडनाव 'अल्फा, ब्राव्हो' पद्धतीने सांगायची सवय ठेवा. कुलकर्णी, देशपांडे वगैरेंचा बराच वेळ वाचेल.

ऑफिसात माझ्या बोलण्याची नक्कल करतात. चालवून घ्यायचं?

इथे लिव्हरपूल आणि बर्मिंगहॅमच्या माणसांनाही लंडनमध्ये हे सोसावं लागतं, म्हणून काही जण त्याला साधी चेष्टा समजतात. पण तुमच्या बाबतीत ते वंशाशी, देशाशी जोडलेलं आहे, आणि भेदभावाविरुद्धच्या कायद्यात, इक्वॅलिटी ॲक्ट २०१० मध्ये, वंश आणि राष्ट्रीयत्व येतं. आधी त्या माणसाला सरळ सांगा की मला आवडत नाही. थांबलं नाही तर तारीख, काय म्हणाले, कोण हजर होतं ते लिहून ठेवा आणि मॅनेजरशी बोला. नोकरीतल्या तक्रारींसाठी असलेल्या एकास (Acas) या संस्थेची फोन हेल्पलाइन फुकट सल्ला देते. गप्प बसून कुढू नका, त्याने माणूस मीटिंगमध्ये बोलायचाच बंद होतो आणि तुमचं काम चांगलं असूनही मागे पडतं.

कान लवकर तयार कसा करायचा?

तुमच्या गावचा बीबीसी लोकल रेडिओ लावा. १९६७ ला लेस्टरपासून ही स्टेशनं सुरू झाली, आता इंग्लंडच्या जवळपास प्रत्येक भागाला आहे. राष्ट्रीय बातम्या नकोत, फोन-इन कार्यक्रम ऐका, तिथे खड्डे, बस, फुटबॉल यावर खरी माणसं भांडतात. स्वयंपाक करताना रोज अर्धा तास चालू ठेवा. टीव्हीला सबटायटल लावा पण आधी ऐकून मग वाचा. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे माणसं, केशकर्तनालय, अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याच्या छोट्या जमिनीच्या तुकड्यावर, भाजी लावणारे आजोबा, चॅरिटी शॉपमधलं व्हॉलंटियरचं काम. म्हातारी माणसं बोलायला आसुसलेली असतात, त्यांना अर्थ विचारला की पूर्ण इतिहास सांगतात.

गावांची नावं तरी नीट कशी म्हणायची?

स्पेलिंग विसरा. लेस्टर, वुस्टर, वॉरिक, डार्बी, रेडिंग, ग्रेनिच, सदर्क, एडिंबरा, लफबरा. स्लाउ हे 'काउ'शी जुळतं. यॉर्कशरमधलं कीथली आणि ग्लासगोजवळचं मलगाय ही दोन नावं तर वाचून कुणालाच जमणार नाहीत, तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या.

मुलगी दोन वर्षांत शाळेतल्या पोरांसारखी 'नाउट', 'सम्मट' बोलायला लागलीय. आजी-आजोबा म्हणतात इंग्रजी बिघडलं.

'नाउट' म्हणजे काही नाही, 'सम्मट' म्हणजे काहीतरी, दोन्ही जुने आणि खानदानी शब्द आहेत. मुलं मैत्रिणींसारखं बोलतात, त्यात तिला तिची जागा मिळालीय असं समजा. निबंधात काय लिहायचं ते शाळा शिकवते, आणि मुलं लिहिताना, टीचरशी बोलताना, मैदानावर आपोआप वेगवेगळं बोलतात, त्यांना सांगावं लागत नाही. टोकू नका, कारण टोकलं की ती इंग्रजी नाही सोडणार, घरात बोलणंच कमी करेल. काळजी करायचीच तर मराठीची करा, ती शाळेत कोणी देणार नाही. घरात मराठीच बोला, आजीशी व्हिडिओ कॉलवर तिलाच बोलू द्या, मध्ये भाषांतर करू नका. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, आता इतर शहरांतही मंडळं आणि शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात, जवळची कुठली ते मंडळाला विचारा आणि पुढच्या टर्मला नाव घाला.